परसबागेतील कर्दळ : खतपाणी व निगा



कर्दळ हे झाड आपल्याकडील लहानथोरांच्या परिचयाचे आहे. मोरीच्या पाण्यावर, विहिरीच्या काठी, शाळेच्या फाटकाशी ते हटकून आढळते. लावण्यास सोपे, वाढण्यास जोमदार आणि सहसा न मरणारे असे हे झाड आहे. परंतु न मरणे हा त्याचा गुणच त्याच्या उपेक्षेस कारण होतो. जे झाड वाळून जात नाही, त्याला काही कमी पडत असेल ही शंका आपणांस येत नाही. प्रस्तुत पाठाचा हेतू मुलांना फुलझाडाची निगा शिकविणे हा तर आहेच. पण त्याबरोबरच तक्रार न करणाऱ्या जिवाची भूक ओळखण्यास त्यांना शिकविणे हाही आहे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या भेटीत मी कर्दळीची दोन बेटे पाहिली. एक हात धुण्याच्या नळाशी पुरुषभर उंच वाढलेले, तर दुसरे ध्वजस्तंभापाशी जेमतेम गुडघाभर. दुसऱ्याविषयी विचारता मुले म्हणाली, "साहेब, त्याचे वाणच खुजे आहे." बागेच्या नोंदवहीतही तसाच शेरा होता. वस्तुतः दोन्ही बेटे एकाच गड्ड्यापासून केलेली होती. मी गुरुजींना सुचविले, की येत्या पावसाळ्याच्या आरंभी दोहोंतील काही गड्ड्यांची अदलाबदल करावी व काय होते ते मुलांनी लिहून ठेवावे. त्याचे पुढे काय झाले ते लेखाच्या शेवटी सांगेन.

पूर्वतयारी व प्रयोग

कर्दळीचा ताजा गड्डा धुऊन शिक्षकांनी स्वतः चाकूने कापावा. कापलेल्या भागावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. तो भाग निळसर काळा होतो. गड्ड्यात पिष्ट साठविलेले आहे, याचा हा पुरावा होय. व्हिएतनाममध्ये कर्दळीच्या या पिष्टापासून पारदर्शक शेवया करतात, हेही मुलांना सांगावे. आयोडीन तोंडात घालावयाचे नाही, ही सूचना आधीच द्यावी.

यावरून मुलांना दोन गोष्टी समजावून सांगाव्यात. पहिली, अन्न पानांत तयार होते व गड्ड्यात साठते. खत हे झाडाचे अन्न नव्हे. खतातून नत्र, स्फुरद, पालाश अशी द्रव्ये मिळतात. पीठ नसता नुसत्या मिठावर भाकरी होत नाही. त्याचप्रमाणे सावलीत लावलेल्या कर्दळीला कितीही खत घातले तरी ती फुलत नाही. तिला दिवसातून किमान सहा तास ऊन हवे. दुसरी गोष्ट अशी, की गड्ड्यात शिल्लक असल्यामुळे उपासमार झाली तरी कर्दळ ताबडतोब वाळत नाही. ती शिलकीवर जगते, आणि तिची भूक आपल्याला उशिरा दिसते.

लागवड

मृगाच्या पावसानंतर लागवड करावी. कर्दळ मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील असून कसदार व ओलसर जमीन तिला मानवते. सुमारे 45 सेंटिमीटर खोल खणून माती भुसभुशीत करावी व प्रत्येक खड्ड्यात एक घमेले चांगले कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. ताजे शेण घालू नये. त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे दुखावतात. दोन-तीन डोळे असलेला गड्ड्याचा तुकडा, डोळे वर येतील असा, 8 ते 10 सेंटिमीटर खोल लावावा. उंच वाणांत 60 व बुटक्या वाणांत 40 सेंटिमीटर अंतर ठेवावे.

खत केव्हा व किती

कर्दळ अधाशी आहे, असे माळी म्हणतात ते खोटे नाही. परंतु वर्षातून एकदा पुष्कळ देण्यापेक्षा थोडे थोडे आणि वेळेवर देणे श्रेयस्कर. वाढीच्या काळात, म्हणजे जुलै ते ऑक्टोबर व पुन्हा फेब्रुवारी ते मे, महिन्यातून एकदा प्रत्येक बेटाला दोन-तीन ओंजळी शेणखत अथवा गांडूळखत द्यावे. एक भाग शेण दहा भाग पाण्यात कालवून ते पाणी पंधरवड्यातून एकदा दिले तरी चालते. रासायनिक खत वापरावयाचे असल्यास 15:15:15 मिश्रखत महिन्याला 20 ग्रॅमपेक्षा अधिक नको. ते दांड्यापासून वीतभर दूर, ओल्या मातीत मिसळावे व लगेच पाणी द्यावे. नत्र फार झाले, तर पाने माजतात आणि फुले कमी येतात.

पाणी

उन्हाळ्यात रोज व हिवाळ्यात एक-दोन दिवसांआड पाणी द्यावे. बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन असावे. जेथे पाण्याची टंचाई आहे, तेथे भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी कर्दळीकडे वळवावे. मात्र धुण्याच्या पावडरीचे दाट पाणी, तेलकट किंवा गरम पाणी घालू नये. आळ्यात पाण्याचे डबके साचू देऊ नये. कर्दळीपायी डास वाढले, तर तो उपक्रम फसला असेच म्हणावे लागेल.

छाटणी व रोगराई

एका दांड्यावर एकापाठोपाठ दोन-तीन तुरे येतात. ते सर्व संपले, की तो दांडा पुन्हा फुलत नाही. तो जमिनीलगत कापावा, म्हणजे नव्या कोंबांना जागा मिळते. हिरवी पाने मात्र विनाकारण तोडू नयेत. दर दोन-तीन वर्षांनी बेट खणून गड्डे विभागावेत.

गुंडाळलेले पान उलगडल्यावर ओळीने छिद्रे दिसली, तर आत अळी असते. ती हाताने वेचावी. उपद्रव वाढल्यास 50 ग्रॅम निंबोळ्यांचे चूर्ण 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावे. पानाच्या मागे नारिंगी भुकटी दिसल्यास तो तांबेरा होय. अशी पाने काढून नष्ट करावीत. शिरांलगत पिवळे पट्टे दिसणारे झाड विषाणुग्रस्त असण्याचा संभव असतो. त्याला औषध नाही. ते गड्ड्यासकट उपटून नष्ट करावे.

घरी न्यावयाचा गड्डा

या उपक्रमाची सांगता म्हणून प्रत्येक मुलास एक गड्डा घरी लावण्यास द्यावा. येथे शिक्षकांनी विशेष दक्षता घ्यावी. रोगट बेटातील गड्डे वाटले, तर शाळेतील रोग एकाच दिवशी तीस परसांत पोहोचेल. म्हणून पाने नीट दिसत असतानाच निरोगी बेटांवर खूण करून ठेवावी व त्यांतीलच गड्डे काढावेत. मुलाने वहीत लावल्याची तारीख, दर महिन्याची उंची, दिलेले खत व पहिल्या फुलाचा दिवस नोंदवावा.

सरावासाठी प्रश्न

1. आयोडीन टाकल्यावर गड्ड्याचा रंग का पालटला?
2. सावलीतील कर्दळीस खत देऊनही फुले का येत नाहीत?
3. फुले येऊन गेलेला दांडा का कापावा?
4. तुमच्या घरचे कोणते पाणी कर्दळीला चालेल व कोणते चालणार नाही?

आता त्या अदलाबदलीविषयी. ध्वजस्तंभाजवळचे 'खुजे' गड्डे नळाशी लावले, ते दिवाळीपर्यंत मुलांच्या खांद्याला लागले. नळाजवळचे गड्डे ध्वजस्तंभाच्या मुरमाड जागेत गेले. पहिल्या पावसाळ्यात तेही बरे वाढले. आपण चुकलो की काय, असे गुरुजींस वाटले. पण ती वाढ गड्ड्यातील शिलकीवर होती. पुढील पावसाळ्यात ते बेट गुडघ्याच्या वर गेले नाही. गुरुजींनी नोंदवहीतील 'वाण खुजे' हा शेरा स्वतः खोडला व तेथे लिहिले, 'माती मुरमाड, खत नाही.' त्यानंतर मुलांनी तेथे खणून चार घमेली शेणखत घातले.

शाळेत येणारे मूलही पुष्कळदा घरच्या व मागील वर्षाच्या शिलकीवर काही काळ निभावून नेते, आणि त्याची उणीव आपल्याला उशिरा दिसते. आपल्या वर्गाच्या नोंदींत असा एखादा 'खुजे वाण' शेरा आहे काय, हे आपण प्रत्येकाने एकदा पाहावे. आणि असल्यास, तो खोडण्यापूर्वी त्या जागची माती तपासावी.