नीलहरित शेवाळ : औषधी द्रव्य आणि उजनीचे पाणी

उन्हाळ्यात उजनी जलाशयाचे पाणी ओसरू लागले की इंदापूर तालुक्यात भिगवण, पळसदेव या बाजूच्या काठावर रंग सांडल्यासारखा हिरवा थर जमलेला आढळतो. बारामतीकडे नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील ओलसर चोपण जमिनीवर आणि पावसात भिजणाऱ्या जुन्या दगडी भिंतींवरही याच कुळातील जीव वाढतात. लोक या सर्वांना शेवाळ म्हणतात. शास्त्रीय दृष्ट्या मात्र हे जीव जीवाणूंच्या वर्गात मोडतात. त्यांच्या पेशीत केंद्रक नसते.

या जीवांमध्ये हरितद्रव्याबरोबर फायकोसायनिन नावाचे निळे प्रथिन असते. शरीराचा दाह, म्हणजे सूज, लाली, उष्णता व वेदना, कमी करण्याचा गुण त्यात आहे काय, याचा शोध गेली काही दशके चालू आहे. क्यूबातील संशोधकांनी उंदरांच्या पंजावर कृत्रिम सूज आणून तपासले असता फायकोसायनिनमुळे ती कमी झाल्याचे त्यांनी १९९८ साली नमूद केले. पुढे २००० साली हैदराबाद विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, स्पिरुलिनापासून मिळविलेले हे प्रथिन सायक्लोऑक्सिजनेज-२ या विकराला रोखते.

या विकराचे महत्त्व असे की, वेदना व सूज निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये त्याच्याच साहाय्याने तयार होतात. ॲस्पिरिनचे कार्य प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती थांबवूनच होते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये सिद्ध केले व त्याबद्दल १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. ॲस्पिरिन जठराच्या अस्तराचे रक्षण करणारे जुळे विकरही रोखते. म्हणून ते पोटाला बाधते. केवळ दुसऱ्यालाच रोखणारे द्रव्य मिळाल्यास सांधेदुखीच्या रुग्णांची सोय होईल, ही अपेक्षा रास्तच होती. परंतु त्याच तत्त्वावर बनविलेले रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराचा धोका वाढतो असे आढळल्याने २००४ साली बाजारातून मागे घ्यावे लागले. उंदरावर गुणकारी ठरलेले द्रव्य माणसाचे औषध होण्यास किती अवधी लागतो, याची कल्पना यावरून यावी. फायकोसायनिन अद्याप त्या वाटेवरच आहे.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. प्रयोगातील स्पिरुलिना स्वच्छ टाक्यांत, खाण्याचा सोडा घातलेल्या अल्कधर्मी पाण्यात वाढविली जाते. उजनीचा थर तसा नव्हे. पुणे व पिंपरी-चिंचवड शहरांचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत व भीमेतून या जलाशयात येते. त्यातील नत्र व स्फुरदावर हे जीव पोसतात. अशा पाण्यात सर्वत्र आढळणाऱ्या मायक्रोसिस्टिस या प्रजातीचे अनेक प्रकार मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष तयार करतात. ब्राझीलमधील कारुआरू येथे १९९६ साली डायलिसिससाठी वापरलेल्या पाण्यात हे विष आल्याने पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. पिण्याच्या पाण्यात त्याच्या मुख्य प्रकाराचे प्रमाण लिटरला एक मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने सुचविले आहे. तेव्हा शेवाळ औषधी असते एवढेच ऐकून कोणी काठावरचा थर वाळवून खाऊ लागल्यास तो औषध नव्हे, विष घेत असण्याचा संभव आहे.

पाणी उकळल्याने मायक्रोसिस्टिन नष्ट होत नाही. उलट पेशी फुटून आतील विष पाण्यात उतरते. मोरचूद टाकल्यानेही तेच घडते. शेवाळ मेलेले पाहून पाणी शुद्ध झाले असे वाटते एवढेच. म्हणून जलाशयावर अवलंबून असलेल्या पाणीपुरवठा योजनेत तुरटीने पेशी अखंड खाली बसवून, गाळून, मगच क्लोरीन द्यावे, हा क्रम सांभाळावा लागतो.

शाळेत एक साधी चाचणी करता येईल. हातमोजे घालून काचेच्या बरणीत असे पाणी भरावे व रात्रभर न हलविता ठेवावे. साधे हिरवे शेवाळ बहुधा तळाशी बसते. नीलहरित जीवांच्या पेशीत वायूच्या पोकळ्या असल्याने ते वर तरंगून कडेला हिरवे कडे धरतात. विष आहे की नाही हे या चाचणीने कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेकडेच धाडावा लागतो. तोवर वरचा थर दिसणाऱ्या काठावर जनावरांना पाण्यावर नेऊ नये.