तारे खरेच गळून पडतात का?

13 नोव्हेंबर 1833 च्या पहाटे अमेरिकेच्या पूर्व भागातील लोक दचकून जागे झाले. आकाशातून तासाला हजारो 'तारे' बरसत होते. मत्तयच्या शुभवर्तमानातील (24:29) ताऱ्यांच्या पडझडीचा उल्लेख अनेकांना आठवला. न्यायाचा दिवस आला असे समजून कित्येकांनी गुडघे टेकले.

येल महाविद्यालयातील प्राध्यापक डेनिसन ओल्मस्टेड यांनी मात्र वर्तमानपत्रातून लोकांना विचारले: तुम्ही काय पाहिले, ते कळवा. त्या माहितीतून ध्यानात आले की, सर्व रेषा सिंह राशीतील एकाच बिंदूतून निघत होत्या. म्हणजे उल्का बाहेरून, अवकाशातून येत होत्या. भीतीने डोळे मिटून घेतले असते, तर हे कधी कळले असते?

पुढचा दुवा जोडला इटलीच्या स्कियापरेली यांनी. ऑगस्टमधील उल्कांचा मार्ग 1862 च्या एका धूमकेतूच्या मार्गाशी जुळतो, हे त्यांनी 1866 मध्ये रोमच्या वेधशाळेतील येशूसंघीय फादर सेकी यांना पत्रांतून कळवले. (याच उल्कांना युरोपात संत लॉरेन्सचे अश्रू म्हणतात, त्यांचा सण 10 ऑगस्टला असतो.) धूमकेतू मागे धूळ सोडतो. पृथ्वी त्या धुळीतून गेली की वाळूएवढे कण हवेत शिरून जळतात. तारा एकही पडत नाही!

नोव्हेंबरच्या सिंह उल्का टेम्पेल-टटल धूमकेतूच्या. तो सुमारे 33 वर्षांनी सूर्याजवळ येतो. 1866 मध्ये भाकीत खरे ठरले. 1899 मध्ये लोक थंडीत ताटकळले आणि निराश झाले, कारण गुरू व शनी यांच्या ओढीने धुळीचा पट्टा सरकला होता. 1966 मध्ये अमेरिकेत पुन्हा वर्षाव झाला. 1999 चा जोर आला तेव्हा भारतात सकाळचे साडेसात वाजले होते! धूमकेतू आता 2031 मध्ये परतेल.

एरवी तासाला दहा-पंधराच उल्का दिसतात. तरी 17 नोव्हेंबरच्या सुमारास रात्री दोननंतर गच्चीवर चटई टाका, गोधडी घ्या. पूर्वेला विळ्याच्या आकाराचे मघा नक्षत्र शोधा. दुर्बीण नको, मोबाइलही नको. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो. मुलांनाही उठवा. पहाटेच्या मिस्साला निघेपर्यंत चार-पाच तरी दिसतीलच, ढग नसले तर.