विद्यार्थ्यांची चित्रफीत आणि वर्गातील पाठ

दृक्‌श्राव्य साधनांचा शिक्षणातील उपयोग महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यात १९८४ साली स्थापन झालेल्या ‘बालचित्रवाणी’ने शालेय पाठ दूरदर्शनद्वारे घरोघरी नेले, २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. त्या व्यवस्थेत विद्यार्थी प्रेक्षक होता. आता साध्या मोबाईलमुळे तो स्वतः चित्रफीत तयार करू शकतो. मात्र यंत्र हाती आल्याने ज्ञान येते, असे मुळीच नव्हे. काय दाखवावे, कोणत्या क्रमाने व कोणत्या आधारावर, हे ठरविताना जो अभ्यास घडतो तोच येथे महत्त्वाचा.

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ दररोज थोडीथोडी टिपून एक लघुपट केला होता. भाताचे बी रुजताना कोकणातील कोणत्याही शाळेला हा प्रयोग करता येईल.

रत्नागिरी जिल्ह्याला तर याहून समृद्ध विषय लाभला आहे. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू आदी ठिकाणची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत समाविष्ट झाली. उक्षीचा हत्ती चित्रित करावयाचा झाल्यास, शेजारी मोजपट्टी ठेवल्याखेरीज त्याचा आकार प्रेक्षकास कळणार नाही, हे मुलांना प्रथम उमगते. ‘प्रमाण’ हा गणिताचा पाठ येथेच होतो. कोकणातील काही शिल्पांत गेंडा आढळतो. आज येथे नसलेला हा प्राणी खोदणाऱ्याने कोठे पाहिला असेल? शिल्पांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणून निवेदन लिहिताना ‘आम्ही पाहिले’ आणि ‘असे मानले जाते’ ही वाक्ये वेगळी ठेवावीत. शिक्षकांनी गुण द्यावेत ते या लेखनाला, चित्रणाच्या झगमगाटाला नव्हे.

पाच विद्यार्थ्यांच्या गटास एक मोबाईल व तीन मिनिटांची मर्यादा पुरेशी आहे. सड्यावरील वाऱ्यात आवाज हरवतो. निवेदन वर्गात ध्वनिमुद्रित करावे. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू फिरविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्याने शिल्पाची हानी होते. जागेच्या परवानगीसाठी ग्रामपंचायतीने साह्य करावे. मुलांचे चेहरे दिसणारी चित्रफीत पालकांच्या लेखी संमतीवाचून शाळेबाहेर जाऊ नये.

पावसाळ्यात शिल्पांत पाणी साचते, गवत माजते. तेव्हा चित्रणासाठी हिवाळ्यातील सकाळ निवडावी. तिरप्या उन्हात खोदीव रेषेच्या कडेवर सावली पडते आणि खडूवाचूनही आकृती स्पष्ट होते.