रॅम्प : चार नग

आमच्या रस्त्याच्या तोंडाशी ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी सुगम पदपथ’ अशी पाटी लागली आहे. पाटीखालचा रॅम्प वॉकर घेऊन, कुणाचा हात न धरता जो चढून दाखवील, त्याला मी माझ्या पेन्शनमधून जेवण घालीन.

उद्घाटनाला हारतुरे झाले, फोटो झाले. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्षांना फितीचं एक टोक धरायला मिळालं. अर्ज मात्र मी लिहिला होता. काम चालू असताना उन्हात उभं राहून सांगतही मीच होते, की कडा फार उंच होते आहे, उतार अंगावर येतो आहे आणि हा गुळगुळीत ग्रॅनाइट पावसात पाय ठरू देणार नाही. सुपरवायझर म्हणाला, “आजी, तुम्ही सावलीत बसा. आम्ही रोज हेच करतो.” रोज हेच करतात, यात मात्र तथ्य निघालं.

जुन्या फरश्या न उखडता त्यांच्यावरच नव्या बसवल्या, त्यामुळे कडा नऊ इंच झाली. त्या नऊ इंचांसाठी रॅम्प दिला तीन फुटांचा. हिशोब अवघड नाही: एक इंच चढाला एक फूट लांबी, म्हणजे एकास बारा. आमचा रॅम्प नऊ फूट हवा होता. आमच्या ह्यांनी एकदा वॉकर लावून पाहिला आणि रस्त्याच्या कडेनं, गाड्यांच्या बाजूनं चालायला लागले. अजून तसेच जातात.

वॉर्ड ऑफिसात गेले. अभियंतासाहेबांनी मोबाइलवरून मान वर न करता सांगितलं, “मॅडम, काम एस्टिमेटप्रमाणेच झालंय.” बिलही निघालं होतं. मग माहिती अधिकारात अर्ज टाकला आणि एस्टिमेट व मोजमाप पुस्तिका बघायला मागितली. खोटं बोलत असतील, अशी माझी खात्री होती.

ते खोटं बोलत नव्हते! ग्रॅनाइटची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिली होती. कडेचे दगड रनिंग मीटरवर, फरशी चौरस मीटरवर. आणि त्याखाली एक ओळ : ‘रॅम्प करणे – नग 4’. लांबी नाही, उतार नाही, कठडा नाही. मोजमाप पुस्तिकेतही तेच, नग 4, काम पूर्ण. ज्याला दर होता त्याचं माप होतं. उताराला दर नव्हता, म्हणून तो कागदावरच नव्हता. मी साइटवर घसा कोरडा करत होते ते ज्या कागदासाठी, तो केव्हाच मंजूर होऊन बसला होता. हे मला सुरुवातीला एकानंही सांगितलं नाही, आणि अर्ज घेणाऱ्या बाईंना ते नक्की ठाऊक होतं.

म्हणून, ज्यांना आपल्या भागात असं काम करून घ्यायचं आहे त्यांनी ‘ज्येष्ठांना सोयीचा फुटपाथ करावा’ असा अर्ज करू नये. त्या वाक्यावर पाटी मिळते. अर्जात मापं घाला. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांबद्दलची 103 क्रमांकाची मार्गदर्शिका आहे, तिचा उल्लेख करा. कडेची उंची 150 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा, जास्त नको. चालायला 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी. डीपी बॉक्स, झाड आणि दुकानाची पाटी यांनी अडवलेली जागा त्यात धरायची नाही. उतार 1:12. फरशी खरखरीत. आणि हे एस्टिमेट तयार होण्याआधी द्या, आवक क्रमांक घ्या.

बोलार्डमधलं, म्हणजे गाड्या अडवणाऱ्या खांबांमधलं, अंतर किमान 90 सेंटिमीटर लिहून घ्या. आमच्याकडे वॉकर अडकतो. दुचाकी मात्र शेजारच्या दुकानाच्या उतारावरून सुखेनैव वर येते. बाकाला पाठ आणि दोन्ही बाजूंना हात हवेत. आम्हाला ग्रॅनाइटचे गोल ओटे मिळाले. त्यांवर बसता येतं, उठायला माणूस लागतो.

कायद्याचं बळ आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे, आणि सुगम्यतेचे नियम निव्वळ शिफारशी राहून चालणार नाहीत, सक्तीचे मानदंड हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात स्पष्ट केलं. आमचे हे म्हणतात, “मी कुठे दिव्यांग?” नसाल, पण रॅम्प एकच असतो.

दोषदायित्व कालावधीवर फार भिस्त ठेवू नका. हलणारी फरशी, खचलेलं चेंबरचं झाकण त्यात ठेकेदाराकडून फुकट दुरुस्त होतं, तेवढं जरूर करून घ्या. उताराचं विचारलं तर उत्तर आलं, “तो दोष नाही, कारण त्याचं माप ठरलेलं नव्हतं.”

माहिती अधिकारात कागदांची नुसती नक्कल मागू नका. प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. टेप घेऊन जा. अभियंत्यांना वॉकर देऊन चालायला सांगा. आमच्या साहेबांना नेमका तेव्हा फोन आला. बाकी फोटो काढून ठेवा, एकटे जाऊ नका, शांत राहा वगैरे आहेच. शेवटचं मला जमलेलं नाही.

पुण्यात 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामं सुचवता येतात. तुमच्या शहरात अशी सोय असेल तर कामाच्या नावापुढेच माप लिहा.

आमच्या मागच्या रस्त्याचं एस्टिमेट सध्या टेबलावर आहे, असं ऐकते. त्या रस्त्यावर राहणाऱ्यांनी याच आठवड्यात वॉर्ड ऑफिसात जावं, ‘रॅम्प’ची ओळ शोधावी आणि ‘नग’ खोडून तिथं लांबी आणि उतार लिहून घ्यावा. सोबत हवी असेल तर मी येते.