नाव माहीत नसलं तरी चालेल

मुलाला पक्षी दाखवायला न्यावं असं मला फार दिवस वाटत होतं. अडत होतं ते एकाच भीतीपायी: त्यानं नाव विचारलं आणि मला सांगता आलं नाही तर?

शेवटी जानेवारीतल्या एका रविवारी ओहोटी गाठून जुहूच्या किनाऱ्यावर जायचं ठरवलं. चतुर्थी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे कोकणातलं जुनं गणित माझ्या आईनं शिकवलेलं. चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नऊच्या आसपास ओहोटी.

सातला घराबाहेर पडलो आणि आमच्याच गल्लीत तासभर रमलो. पिंपळावरून तांबटाची टुकटुक ऐकू येत होती. मान दुखेपर्यंत शोधल्यावर तो हिरवा, कपाळावर लाल टिळा लावलेला पक्षी सापडला. तारेवर दयाळ गात होता. शेजारच्या उंबरावर राखी धनेशांची जोडी होती. इतकी वर्षं त्या झाडाखालून आम्ही नुसते धावतपळत गेलो होतो.

जुहूला पोचलो तेव्हा पाणी दूर गेलं होतं. ओल्या वाळूवर तुतवार लगबगीनं चोच मारत होते, वर कुरव घिरट्या घालत होते. मुलानं एक सुंदर शंख उचलून खिशात टाकायला घेतला, तेवढ्यात त्यातून इवले पाय बाहेर आले. "आई, हा कोण?" मला नाव आठवेना. "मलाही माहीत नाही, बघू या," म्हटलं. दोघं उकिडवे बसलो. तो होता शंखात राहणारा खेकडा. त्याचं पोट मऊ असतं, म्हणून तो रिकामा शंख शोधून त्यात राहतो आणि वाढला की मोठा शंख बघतो, हे आम्ही घरी येऊन पुस्तकात वाचलं. पण शंख तिथेच अलगद ठेवायची बुद्धी मुलाला पुस्तकाआधीच झाली होती.

मला पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींची गोष्ट आठवली. लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे त्यांच्या मामांनाही सांगता येईना. मामांनी पोराला गप्प बसवलं नाही. चिठ्ठी देऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्डसाहेब यांच्याकडे पाठवलं. साहेबांनी पक्ष्यांनी भरलेले खण एकेक करून उघडून दाखवले. त्या दिवसापासून सलीम अलींची वाट ठरत गेली.

त्या मामांना उत्तर येत नव्हतं, तरी त्यांनी प्रश्न जपला. आपल्यालाही एवढंच करायचं आहे. दुर्बीण नसली तरी चालेल. येत्या रविवारी तिथी बघा, पाऊणपट करा आणि लेकरांचं बोट धरून ओहोटीला किनाऱ्यावर जा. त्यांनी विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर मोकळेपणानं म्हणा, "मलाही माहीत नाही, चल, शोधू या."