हातातच सुरू झालेला हातबॉम्ब

प्रश्न : माझा मुलगा एनसीसीत आहे. तो विचारतो, हातबॉम्बच्या सरावात एखाद्याच्या हातातच बॉम्ब सुरू झाला तर शेजारी उभे असलेले उस्ताद काय करतात? आणि समोर शत्रू नसताना, सरावात जीव गमावणाऱ्याला शौर्यपदक मिळतं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी बॉम्बचं बघू. आपल्या लष्करात वर्षानुवर्षं वापरलेला ३६ नंबरचा हातबॉम्ब घ्या. नुसती पिन ओढून तो फुटत नाही. लिव्हर मुठीत दाबून धरलेली असेपर्यंत तो गप्प राहतो. मूठ सैल झाली की लिव्हर उडते, स्प्रिंगवरचा स्ट्रायकर टोपीवर आपटतो आणि फ्यूज जळू लागतो. तिथून साधारण चार सेकंद. मग पिन परत घालून उपयोग नाही.

बॉम्ब निसटून पायाशी पडला, तर काय करायचं हे ठरलेलं असतं. फेकण्याची जागा भिंतींनी बंदिस्त केलेली असते. उस्तादाने जवानाला धरायचं आणि आडोशाला न्यायचं. स्फोट भिंत झेलते. तुमच्या मुलाने विचारलेला प्रसंग मात्र याहून वाईट. बॉम्ब जवानाच्या मुठीत आहे आणि जवान थिजलाय. त्याला ढकललं तर बॉम्बही त्याच्यासोबत येणार!

नेमकं हेच १३ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यूझीलंडच्या वायोरू लष्करी तळावर घडलं. सार्जंट मरे हडसन तिथे जिवंत हातबॉम्बच्या सरावावर देखरेख करत होते. फेकायला उभा असलेला नवशिका पोरगा नव्हता, तोही सैन्यातला एनसीओच होता. त्याच्या हातातला बॉम्ब चुकून सुरू झाल्याचं हडसन यांच्या लक्षात आलं. त्यांनी फेकायचा हुकूम दिला. समोरचा हललाच नाही. तेव्हा हडसन यांनी दोन्ही हातांनी त्याचा बॉम्बवाला हात धरला आणि बॉम्ब समोरच्या भिंतीपलीकडे टाकायचा प्रयत्न केला. तेवढ्यात स्फोट झाला. दोघेही जागीच गेले.

पळायचं तर हडसन यांना समोरच्या माणसाला सोडून जावं लागलं असतं. अनुभवी सैनिक होते. हातात किती वेळ उरलाय हे त्यांच्याइतकं तिथे कोणाला ठाऊक असणार? अंगावर बॉम्ब झेलण्याच्या कथा आपल्याला जास्त माहीत असतात. दक्षिण कोरियात ४ ऑक्टोबर १९६५ रोजी कॅप्टन कांग जे-गू यांनी तसंच केलं. व्हिएतनामला निघायच्या तयारीत असलेल्या त्यांच्या कंपनीचा सराव होंगचनला चालू होता. एका जवानाच्या हातून बॉम्ब निसटून सैनिकांच्या घोळक्याकडे गेला आणि कांग यांनी त्यावर झेप घेतली. ते २८ वर्षांचे होते. मरणोत्तर त्यांना मेजर केलं गेलं. धैर्यात डावं-उजवं करू नये, तरी मला हडसन यांचं काम अधिक अवघड वाटतं. त्यांनी आधी हुकूम दिला, तो फसलेला पाहिला आणि त्या उरलेल्या क्षणात दुसरा उपाय करून बघितला.

आता पदकाचं. मिळतं. हडसन यांना त्याच वर्षी मरणोत्तर जॉर्ज क्रॉस जाहीर झाला. हे पदक १९४० मध्ये सुरू झालं ते शत्रूसमोर नसलेल्या शौर्यासाठीच. आपल्याकडे परमवीर, महावीर, वीर चक्र शत्रूसमोरच्या पराक्रमासाठी आहेत. अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र इतर प्रसंगांतल्या शौर्यासाठी. सरावात दुसऱ्याचा जीव वाचवताना दाखवलेलं धाडस या दुसऱ्या मालिकेत बसतं.

जाता जाता, ३६ नंबरची जागा घेण्यासाठी बनवलेले नवे मल्टी-मोड हातबॉम्ब ऑगस्ट २०२१ मध्ये लष्कराच्या हवाली झाले, ते आपल्या नागपुरातून. मुलाला एवढं जरूर सांगा : बॉम्ब कितीही नवा असो, उस्तादांनी ‘फेक’ म्हटलं की विचार करत बसायचं नाही, फेकायचं.