थरावर थर : त्रिमिती मुद्रणाची ओळख

गावात मातीची भिंत घालणारा कारागीर सगळी भिंत एकाच दिवशी उभी करीत नाही. एक थर घालावा, तो वाळून भार पेलण्याजोगा झाला की त्यावर दुसरा चढवावा, अशी त्याची रीत. लेथवरील कामगाराची रीत याच्या नेमकी उलट. तो धातूचा गोळा किंवा सळई घेतो, नको असलेला भाग कातून काढतो. हवी ती वस्तू उरते आणि बाकीच्याचा कीस होतो. गेल्या चार दशकांत अभियांत्रिकीत जी नवी निर्मितीपद्धती रूढ झाली, तिचे नाते लेथपेक्षा या भिंतीशी अधिक आहे. शास्त्रीय परिभाषेत तिला ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग म्हणतात. व्यवहारात थ्रीडी प्रिंटिंग, म्हणजेच त्रिमिती मुद्रण, हे नाव चालते.

प्रथम वस्तूची आकृती संगणकावर पूर्ण तयार करण्यात येते. संगणक त्या आकृतीचे आडवे, अतिशय पातळ काप पाडतो आणि यंत्र एकेक काप खालून वर रचीत जाते. कशाने रचावयाचे, यावरून पद्धतीचे प्रकार पडतात. प्रकाशाने कठीण होणाऱ्या द्रव राळेपासून वस्तू घडविण्याचे प्रयोग जपानमधील नागोया येथे हिदेओ कोडामा यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेत चार्ल्स हल यांना याच तत्त्वावरील पद्धतीचे पेटंट १९८६ मध्ये मिळाले. प्लास्टिकची तार वितळवून तिचे थर घालणारी यंत्रे त्यानंतर आली, आणि शाळा-महाविद्यालयांतून आज दिसतात ती बहुधा याच जातीची. धातूसाठी मात्र निराळी युक्ती आहे. धातूची बारीक भुकटी पसरावयाची, लेसर किरणाने हवी तेवढीच जागा वितळवून सांधावयाची, पुन्हा भुकटीचा थर पसरावयाचा. हे थर बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतात.

या धातुमुद्रणाचे उत्तम उदाहरण आपल्याच देशातील आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यात वापरले जाणारे पीएस-४ हे इंजिन पूर्वी सुटे भाग घडवून, यंत्रावर कातून व वितळजोड देऊन तयार होत असे. भुकटी व लेसरच्या पद्धतीसाठी त्याची नव्याने आखणी करण्यात आली, तेव्हा १४ भागांच्या जागी एकच अखंड भाग आला आणि १९ वितळजोड नाहीसे झाले. अग्निबाणाच्या इंजिनातील प्रत्येक जोड ही तपासणीची एक स्वतंत्र जबाबदारी असते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या १९ चे मोल कळते. जुन्या पद्धतीत एका इंजिनासाठी ५६५ किलोग्रॅम घडीव धातू व पत्रे लागत. नव्या पद्धतीत १३.७ किलोग्रॅम भुकटी पुरते. उत्पादनाचा एकूण वेळही ६० टक्क्यांनी कमी होतो. ९ मे २०२४ रोजी हे इंजिन सलग ६६५ सेकंद प्रज्वलित ठेवून त्याची यशस्वी चाचणी घेण्यात आली.

हे आकडे वाचून सर्वच वस्तू आता छापून काढाव्यात, असे कोणास वाटेल. तसे मुळीच नाही. प्लास्टिकची बादली साच्यातून मिनिटभरात निघते. तीच छापण्यास कित्येक तास लागतील. साचा महाग असला तरी त्याचा खर्च लाखो बादल्यांवर विभागला जातो. जेथे नग थोडे, आकार गुंतागुंतीचा आणि कच्चा माल मोलाचा, तेथेच छपाई परवडते. श्रवणयंत्राच्या कवचाचे उदाहरण घ्यावे : प्रत्येकाच्या कानाची घडण वेगळी, म्हणून प्रत्येक कवच वेगळे. ओतशाळेतही एखाद्या जुन्या यंत्राचा एकच भाग ओतावयाचा असेल, तर त्याचा पॅटर्न छापून घेणे सोयीचे ठरते.

शिवाय यंत्रातून बाहेर पडलेला धातूचा भाग लगेच वापरता येत नाही. त्याला दिलेले आधार कापावे लागतात, आतील ताण घालविण्यासाठी उष्णतेची प्रक्रिया द्यावी लागते, खरखरीत पृष्ठभाग घासावा लागतो आणि आत सूक्ष्म पोकळ्या राहिल्या नाहीत ना, हे क्ष-किरणांनी पाहावे लागते. म्हणजे लेथ आणि कुशल कारागीर यांची गरज संपत नाही.

बांधकामातही हे तत्त्व उतरले आहे. बंगळूरच्या केंब्रिज लेआउटमधील टपाल कार्यालय काँक्रीटचे थर घालणाऱ्या यंत्राने उभारण्यात आले. आयआयटी मद्रासच्या मार्गदर्शनाखाली लार्सन अँड टुब्रो कंपनीने बांधलेल्या १,०२१ चौरस फुटांच्या या इमारतीचे उद्घाटन १८ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. मात्र अशा कामात यंत्र मुख्यतः भिंतीच घालते. पाया, दारे-खिडक्या, नळ, वीज ही कामे नेहमीच्याच हातांनी होतात. त्यामुळे अशा प्रस्तावाचा विचार करताना पंचायतींनी केवळ भिंतीच्या दिवसांचा हिशेब न पाहता यंत्राची ने-आण आणि विशिष्ट काँक्रीटचा खर्चही विचारून घेतलेला बरा.

अटल टिंकरिंग लॅब योजनेमुळे अनेक शाळांत त्रिमिती मुद्रणयंत्र पोचले आहे. तयार आकृती उतरवून घेऊन किल्ल्यांचे अडकवणे छापण्यात विद्यार्थ्यांना मौज वाटते. शिक्षण मात्र थोडेच होते. त्याऐवजी प्रयोगशाळेतील स्टँडची हरवलेली मूठ बनविण्यास सांगावे. मुलांनी व्हर्नियरने माप घ्यावे, आकृती काढावी, छापावी व बसवून पाहावी. पहिल्या खेपेस भोक बहुधा लहान पडते. ते का, याचा शोध घेतला की वितळलेले प्लास्टिक थंड होताना आकसते, हे त्यांना पुस्तकाविना समजते.

दुसरा प्रयोग याहून महत्त्वाचा आहे. एकाच मापाचे दोन हूक छापावेत, एक आडवा ठेवून आणि एक उभा. दोन्हींना पिशवी अडकवून तीत एकेक वजन टाकीत जावे. उभा छापलेला हूक बहुधा आधी तुटतो, तोही दोन थरांच्या सांध्यातच. मातीच्या भिंतीलाही तडा अनेकदा थरांच्या जोडावरच जातो. तुटलेले तुकडे वर्गात फिरवावेत, आणि अग्निबाणाचे इंजिन उड्डाणापूर्वी ६६५ सेकंद जाळून का पाहिले, हा प्रश्न त्यानंतर विचारावा.